मोजणारांचें मोजमाप

अलीकडे विद्येच्या बाजारांत एक नवें नाणें फार चालूं लागलें आहे. 'आंतरविद्याशाखीय संशोधन-केंद्र' असें त्याचें लांबलचक नांव. नांव उच्चारतांना जीभ अडखळते, पण त्यामागील कल्पना साधी आहे. पदार्थविज्ञानाचा पंडित, जीवशास्त्राचा पंडित, अर्थशास्त्री, गणिती अशा निरनिराळ्या घराण्यांतल्या मंडळींस एका छपराखालीं आणून बसवावें, एखादा प्रश्न सर्वांच्या पुढें टाकावा, आणि एकट्यादुकट्यास जें साधलें नसतें तें या पंगतींतून निघतें कीं काय तें पाहावें, एवढाच तिचा आशय. सरकारें व धनिक लोक अशा केंद्रांस द्रव्य देतात. आणि द्रव्य दिलें म्हणजे दहापांच वर्षांनीं 'यांतून निष्पन्न काय झालें?' हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे, कारण द्रव्य बहुधा रयतेचें असतें. परंतु त्याचें उत्तर शोधण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस समाधानकारक वाटत नाहीं. किती निबंध प्रसिद्ध झाले, इतरांनीं त्यांचा उल्लेख किती वेळां केला, किती विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, अशीं कोष्टकें भरून घेतात व बेरजा मारतात. अशा एका कोष्टकावर मत देण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. बेरीज बिनचूक होती. मात्र त्या मंडळींनीं केलें काय, याचा तींतून कांहींएक उलगडा होत नव्हता.

तेव्हां कोष्टकें क्षणभर बाजूस ठेवून एखाद्या जुन्या केंद्राचें चरित्रच वाचकांपुढें मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे. निवड कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची केली. कारण एक तर तिला आतां नव्वद वर्षें उलटून गेलीं असल्यामुळें तिच्या बऱ्यावाईट कामांचीं फळें डोळ्यांपुढें आहेत. दुसरें असें कीं, मोजणें हाच जिचा धंदा, तिचेंच मोजमाप करूं गेल्यास मोजण्याच्या मर्यादा चांगल्या दिसतात. आणि तिसरें, आमच्या महाराष्ट्राचे कांहीं थोर पुरुष या कथेंत येतात, तेही बहुधा प्रतिपक्षाच्या बाजूनें.

संस्थेचे जनक प्रशांतचंद्र महालनोबीस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. १९१५ सालीं केंब्रिजचा अभ्यास संपवून ते मायदेशीं परतावयास निघाले, तों महायुद्धामुळें बोट लांबणीवर पडली. त्या सक्तीच्या रिकामपणांत किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयांत त्यांच्या एका गुरूनें कार्ल पिअर्सन यांच्या 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाकडे त्यांचें लक्ष वेधिलें. महालनोबीसांस तें इतकें आवडलें कीं त्याचे सर्व खंड विकत घेऊन त्यांनीं बोटींतच वाचावयास आरंभ केला. बोट वेळेवर सुटली असती तर काय झालें असतें, या प्रश्नास इतिहासांत उत्तर नसतें. पण कोणत्याही योजनेंत न बसणारी अशी एखादी गोष्ट बहुतेक संस्थांच्या मुळाशीं सांपडते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कलकत्त्यास परतल्यावर ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवूं लागले. संख्याशास्त्र हा तेव्हां या देशांत कोणाचाच विषय नव्हता, आणि कोणाचाच नसल्यामुळें तो सर्वांच्या उपयोगी पडूं लागला. १९२० सालीं नागपुरास सायन्स काँग्रेसचें अधिवेशन भरलें होतें. तेथें प्राणिशास्त्र-खात्याचे प्रमुख नेल्सन ॲनन्डेल यांची व महालनोबीसांची गांठ पडली. ॲनन्डेल यांच्यापाशीं कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराचीं मापें पडून होतीं. त्यांचें काय करावें हें त्यांस उमगत नव्हतें. महालनोबीसांनीं तीं मापें हातीं घेतलीं, आणि १९२२ सालीं त्यांवर त्यांचा पहिला संख्याशास्त्रीय निबंध निघाला. दोन मानवसमूह एकमेकांच्या किती जवळ वा किती दूर आहेत, हें एकाच वेळीं अनेक मापें विचारांत घेऊन कसें ठरवावें, या विवंचनेंतून पुढें १९३६ सालीं 'महालनोबीस-अंतर' या नांवानें जगप्रसिद्ध झालेलें सूत्र पूर्णत्वास आलें. माणसाच्या डोक्याची लांबीरुंदी मोजून वंश ठरविण्याच्या ज्या हौसेंतून हा प्रश्न उपजला, ती हौस आतां मावळली आहे. सूत्र मात्र टिकलें. हल्लीं यंत्रांकडून चित्रांची वा व्याधींच्या लक्षणांची वर्गवारी करवितांना तें वापरतात, आणि वापरणारांपैकीं फारच थोड्यांस त्या अँग्लो-इंडियन कुटुंबांची आठवण असेल.

त्याच सुमारास दुसरें एक काम आलें. १९२२ सालीं उत्तर बंगालांत मोठा पूर आला. पाणी अडविण्यासाठीं प्रचंड खर्चाचे तलाव बांधावे, असा इंजिनिअर मंडळींचा विचार होता. महालनोबीसांनीं सुमारें पन्नास वर्षांचें पर्जन्यमान व पुरांच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि असे तलाव निरुपयोगी ठरतील, पाण्याचा निचरा जलद व्हावयास हवा, असें दाखवून दिलें. १९२६ सालीं ओरिसांत ब्राह्मणी नदीनें कहर केला, तेव्हां नदीचें पात्र गाळानें वर आलें असून बांध उंच करणें हाच उपाय, असें तज्ज्ञांचें मत पडलें. सुमारें साठ वर्षांच्या आंकड्यांनीं पात्र वर आलेलें नाहीं असें निघालें. बांध उंचावण्यापेक्षां वरच्या बाजूस धरणें बांधावीं, हा सल्ला महालनोबीसांनीं दिला. हे निष्कर्ष काढणारा मनुष्य इंजिनिअर नव्हता, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. घरांतल्या माणसास सवयीमुळें जें दिसत नाहीं तें पाहुण्यास कधीं कधीं दिसतें. अर्थात् पाहुण्यास घरांतलें बरेंच कांहीं दिसतही नाहीं. त्याचा प्रत्यय पुढें येईलच.

अशा रीतीनें कॉलेजच्या बेकर लॅबोरेटरींतील महालनोबीसांची खोली ही 'स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरी' झाली. १७ डिसेंबर १९३१ रोजीं सर आर. एन्. मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं सभा भरून संस्था स्थापन करण्याचें ठरलें. त्या सभेच्या पुढाऱ्यांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक पी. एन्. बॅनर्जी, उपयोजित गणिताचे निखिलरंजन सेन व पदार्थविज्ञानाचे महालनोबीस हे होते. पहिल्या वर्षाचा सारा खर्च अडीचशें रुपयांच्या आंत झाला. या आंकड्याकडे आजच्या केंद्रचालकांनीं एकवार पाहावें. १९३३ सालीं 'सांख्य' हें त्रैमासिक निघालें. संख्या व सम्यक् ज्ञान हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत सांपडल्यामुळें महालनोबीसांनीं तें नांव घेतलें.

आतां तागाची गोष्ट. बंगालच्या तागाचें पीक किती, हें आधीं कळल्याशिवाय भाव, कर, निर्यात कशाचाच अंदाज बांधतां येत नसे. खेडोपाडीं प्रत्येक शेत मोजावयाचें म्हणजे हजारों माणसें व अमाप पैसा. १९३७ सालापासून इंडियन सेंट्रल ज्यूट कमिटीच्या साह्यानें संस्थेनें नमुना-पाहणीचे प्रयोग सुरू केले. निवडक ठिकाणचीं शेतें यदृच्छेनें घ्यावीं, तेवढींच काळजीपूर्वक पाहावीं व त्यांवरून साऱ्या प्रांताचा अंदाज करावा, ही ती पद्धति. शितावरून भाताची परीक्षा आमच्या बायका नित्य करितात. परंतु कोणतें शीत उचलावयाचें, किती उचलावयाचीं, त्यांतून चूक किती संभवते व ती चूक एवढ्या खर्चांत कितपत कमी करतां येईल, याचें गणित या मंडळींनीं बसविलें. एकाच प्रदेशांत दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांचे आंकडे परस्परांशीं ताडून पाहण्याची युक्तिही त्यांचीच. साऱ्या शेतांची गणती करावयास जो खर्च येई त्याच्या सुमारें दशांशांत हें काम होऊं लागलें, आणि व्यापाराच्या प्रत्यक्ष आंकड्यांशीं तें गणतीपेक्षां अधिक जुळलें. थोडें पाहावें पण नीट पाहावें, हें सरकारी दप्तरांस पटण्यास मात्र वेळ लागला. अधिकाऱ्यास मोठ्या वहीचा विश्वास वाटतो.

शेतांतून गणिताकडे जाणारी वाट तर याहून नवलाची आहे, आणि तेथें आम्ही थोडें रेंगाळणार आहों. समजा, चार प्रकारचें बियाणें पारखावयाचें आहे. शेताची एक कड कसदार, दुसरी हलकी. तेव्हां सारें 'अ' बियाणें एका कडेस पेरलें तर न्याय होणार नाहीं. म्हणून शेताचे सोळा चौकोन पाडून प्रत्येक ओळींत व प्रत्येक स्तंभांत प्रत्येक बियाणें एकदांच येईल अशी मांडणी करितात. तिला लॅटिन चौरस म्हणतात. बियाण्याबरोबर चार प्रकारचीं खतेंही पारखावयाचीं झाल्यास असे दोन चौरस एकावर एक असे बसवावे लागतात कीं, प्रत्येक बियाण्याची प्रत्येक खताशीं नेमकी एकदां गांठ पडावी. हाच प्रश्न १७८२ सालीं लेओनार्ड ऑयलर या महान् गणित्यानें छत्तीस अंमलदारांच्या रूपानें विचारला होता. सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणींतून प्रत्येक हुद्द्याचा एकेक अंमलदार. त्यांस सहा रांगांत असें उभें करावें कीं कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेंत पलटण वा हुद्दा दोनदां येऊं नये. ऑयलरचें अनुमान असें कीं हें अशक्य, आणि सहाप्रमाणेंच दहा, चौदा, अठरा या मालिकेंतील प्रत्येक संख्येस अशक्य. १९०० च्या सुमारास गॅस्टन टॅरी या फ्रेंच गृहस्थानें सहापुरतें तें सिद्ध केलें. पुढचें तसेंच राहिलें.

राजचंद्र बोस हे शुद्ध भूमितीचे अभ्यासक. महालनोबीसांनीं त्यांस १९३२ च्या सुमारास संस्थेंत ओढलें. बीजगणितांतील सांत क्षेत्रांचा विषय जर्मनींतून कलकत्त्यास आलेल्या फ्रेडरिक लेव्ही यांच्या व्याख्यानांतून त्यांस मिळाला. शेतीच्या प्रयोगांची मांडणी रोनाल्ड फिशर यांच्या लिखाणांतून व भेटींतून मिळाली. दोन्हींची सांगड घालून १९३८ सालीं 'सांख्य' मध्यें बोस यांनीं अशा चौरसांची रचना करण्याची सामान्य रीत प्रसिद्ध केली. पुढें ते अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायनास गेले. तेथें १९५० सालीं शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनीं त्यांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळविली. श्रीखंडे हे नागपुरांत शिकलेले. पुढें मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झाले. १९५९ सालीं बोस, श्रीखंडे व अमेरिकन गणिती पार्कर या तिघांनीं ऑयलरचें पावणेदोनशें वर्षें टिकलेलें अनुमान खोटें पाडलें. सहाच्या पुढें तें कोठेंच खरें नाहीं असें निघालें. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें ती बातमी पहिल्या पानावर छापली. लागलीच १९६० सालीं बोस व त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनीं, व त्यांच्याआधीं थोडेच दिवस होकेंगेम या फ्रेंच गणित्यानें स्वतंत्रपणें, दूरसंदेशांतील चुका आपोआप दुरुस्त करणारी संकेतरचना शोधून काढली. ती आज तिघांच्या आद्याक्षरांनीं ओळखली जाते.

हें सारें कोणत्या खात्यांत जमा धरावयाचें? बोस १९४९ सालींच कलकत्ता सोडून गेले होते. तेव्हां दहा वर्षांनीं लागलेला शोध संस्थेच्या कोष्टकांत कोणी मांडणार नाहीं. आणि मांडूंही नये, कारण अमेरिकन विद्यापीठाचाही त्यांत वांटा आहे. तरीही भूमितीच्या पंडितास बियाण्याच्या शेतांत कोणी उभें केलें नसतें तर ही वाट त्यास सांपडली असती काय, हें विचारल्यावांचून राहवत नाहीं. तीच गोष्ट सी. आर्. राव यांची. ते १९४१ सालीं संस्थेंत आले. १९४६ सालीं सुदानांत सांपडलेल्या पुराण्या सांगाड्यांच्या मापांचा अभ्यास करण्यासाठीं त्यांस केंब्रिजच्या पुराणवस्तु-संग्रहालयाकडे पाठविण्यांत आलें, आणि तेथेंच फिशर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांची डॉक्टरेट झाली. १९४५ सालीं, वयाच्या पंचविशींत, कलकत्त्याच्या गणित-मंडळाच्या नियतकालिकांत छापलेल्या त्यांच्या एका निबंधाबद्दल मुख्यतः त्यांस २०२३ सालीं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं ते एकशें दोन वर्षांचे होऊन वारले. अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं पोंचलेली पावती कोणत्या पंचवार्षिक अहवालांत बसवावी?

वरील कथा ऐकून संस्थेचा केवळ जयजयकार करावा असें वाचकांस वाटेल. पण एक मोठा वाद सांगितल्यावांचून चित्र खरें होणार नाहीं. साताऱ्याकडील बुध गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९४० सालापासून दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेंत संख्याशास्त्राचें काम पाहत. पिकाचा उतारा काढण्यासाठीं महालनोबीस यांची मंडळी चार फूट त्रिज्येचें लहानसें वर्तुळ आंखून तेवढेंच पीक कापीत. लहान तुकडा म्हणजे काम थोडें, म्हणून जास्त ठिकाणीं जातां येतें, हा त्यांचा हिशेब. सुखात्मे यांनीं निराळ्याच गोष्टीकडे बोट दाखविलें. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानानें त्याची कड मोठी. आणि कडेवर उभें असलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, या संशयाच्या वेळीं कापणाराचा हात तें आंतच ओढतो. त्यामुळें लहान वर्तुळें उतारा फुगवून दाखवितात. मोठे तुकडे घ्यावे, आणि स्वतंत्र फिरत्या पथकाऐवजीं महसूल व शेती खात्यांतील नेहमींचीं माणसें शिकवून त्यांजकडून काम करून घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. हा वाद १९४६ च्या सुमारास लंडनच्या 'नेचर' पर्यंत पोंचला. पिकांच्या कापणीच्या बाबतींत या देशानें शेवटीं बव्हंशीं सुखात्मे यांचीच रीत उचलली. आमच्या मतें येथें कलकत्त्याचें कौशल्य एका साध्या गोष्टीस चुकलें : गणितांत कड ही रेघ असते, शेतांत तेथें ज्वारीचें ताट उभें असतें. मात्र सुखात्मे यांचा आक्षेपही संख्याशास्त्राच्याच भाषेंत, प्रयोग करून, आंकड्यांनीं मांडलेला होता; आणि ती भाषा या देशांत रुळविण्यांत कलकत्त्याचा हात मोठा होता.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ संस्थेच्या दाराशींच झाला. पुढच्या एकदोन वर्षांत तिनें दुष्काळोत्तर स्थितीची नमुना-पाहणी केली व ती १९४६ सालीं प्रसिद्ध झाली : कोणत्या धंद्याचीं कुटुंबें धुळीस मिळालीं, कोणीं जमिनी विकल्या, कोण निराधार झालें. मेलेल्यांस त्याचा उपयोग नव्हता. परंतु १९८१ सालीं अमर्त्य सेन यांनीं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हा ग्रंथ लिहिला, तेव्हां शेतमजूर, कोळी व लहानसहान कारागीर हेच आधीं कां बुडाले हें दाखविण्यास याच आंकड्यांचा आधार त्यांस घेतां आला. धान्य एकंदरींत किती होतें एवढाच प्रश्न नसून तें विकत घेण्याची ऐपत कोणाची उरली, असा त्यांचा सिद्धांत.

स्वातंत्र्यानंतर संस्थेच्या वैभवाचा काळ आला. १९४९ सालीं राष्ट्रीय उत्पन्न-समिति नेमली गेली. तिचे अध्यक्ष महालनोबीस, व सभासद पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर्. व्ही. राव. देशाचें उत्पन्न मोजावयास बसल्यावर कळलें कीं खेड्यांतला मनुष्य काय खातो, काय नेसतो, किती खर्च करितो, याचा विश्वसनीय आंकडाच कोणापाशीं नाहीं. त्यांतून १९५० सालीं राष्ट्रीय नमुना-पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरींत अठराशेंहून अधिक खेडीं घेतलीं होतीं. भाषा निराळ्या, मण व शेर निराळे, बिघे निराळे. अशा देशांत एकच प्रश्नपत्रिका घेऊन घरोघर जावयाचें हें धाडसच होतें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र-संस्थेनें या कामांत भाग घेतला, आणि वि. म. दांडेकर यांनीं १९५३ सालीं त्यावर बारीक चिकित्सेचा अहवाल लिहिला. कलकत्त्यानें करावें व पुण्यानें तपासावें, ही परंपरा तेव्हांपासूनची.

१९५५ सालीं महालनोबीसांनीं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा तयार केला. अवजड कारखान्यांवर भर द्यावा, यंत्रें करणारीं यंत्रें आधीं उभारावीं, हा त्याचा गाभा. गणिती प्रतिमानाचें तेज त्या आराखड्यास होतें, आणि पंडित नेहरूंचा पाठिंबा होता. विरोध करणारे थोडे होते. बी. आर्. शेणॉय यांनीं भिन्न मतपत्रिका जोडली. मुंबई विद्यापीठाचे चं. ना. वकील व पी. आर्. ब्रह्मानंद यांनीं १९५६ सालीं, धान्यकापडादि मजुरांच्या गरजेच्या वस्तूंस अग्रस्थान द्यावें, असें प्रतिपादन केलें. १९५७ सालीं परकीय चलनाची गंगाजळी आटली, आणि पुढल्या दशकांत परदेशच्या गव्हावर दिवस काढण्याची पाळी आली. या साऱ्याचें खापर एका आराखड्यावर फोडणें अन्यायाचें होईल. पोलादाचे व यंत्रांचे जे कारखाने उभे राहिले त्यांचेंही श्रेय मग त्यासच द्यावें लागेल. आमचा आक्षेप निराळा आहे. जी संस्था देशाचे आंकडे गोळा करीत होती, तीच त्या आंकड्यांवर उभारलेल्या योजनेची कर्ती झाली. न्यायाधीश व फिर्यादी एका घरांत राहूं लागले म्हणजे दोघेही सज्जन असले तरी लोकांस शंका येते. १९७० सालीं नमुना-पाहणीचें काम संस्थेपासून तोडून सरकारी संघटनेकडे दिलें गेलें, तें यासाठींच नव्हे, पण आमच्या समजुतीप्रमाणें तें इष्टच होतें. महालनोबीसांस त्याचें दुःख झालें असल्यास नवल नाहीं. २८ जून १९७२ रोजीं ते निवर्तले.

वैभवाच्या काळांत संस्थेनें हातपाय किती पसरले हें पाहून कौतुक वाटतें, आणि थोडें हसूंही येतें. १९५३ सालीं तेथील मंडळींनीं एक लहान गणकयंत्र घरींच बनविलें. १९५६ सालीं इंग्लंडांतून व १९५९ सालीं रशियांतून मोठीं यंत्रें आणलीं. मुंबईच्या टाटा संस्थेचें स्वतः घडविलेलें यंत्र चालूं झालें तें १९६० सालीं. १९५७ नंतर भूस्तरशास्त्राची शाखा निघाली. संख्याशास्त्राच्या संस्थेस दगडांशीं काय कर्तव्य, असें कोणीही विचारील. परंतु लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखालीं ही मंडळी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांत, आमच्या गडचिरोलीच्या सीमेवरच्या रानांत उतरली, आणि एका अजस्र सरड्याचीं शेंकडों हाडें घेऊन परतली. सिरोंच्याजवळच्या कोटा गांवावरून ज्या खडकांस नांव मिळालें आहे त्या थरांतलीं तीं हाडें. मोठ्या पायाचा म्हणून 'बरापासॉरस', आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास सांपडला म्हणून 'टागोरी', असें त्याचें बारसें १९७५ सालीं झालें. त्याचा सांगाडा बरानगरच्या संग्रहालयांत उभा आहे. संख्याशास्त्रास त्यापासून काय लाभ झाला हें सांगणें कठीण. भूगर्भशास्त्रास झाला यांत शंका नाहीं.

जे. बी. एस्. हॉल्डेन यांची हकीकत अशी आनंदाची नाहीं. हा जगविख्यात जीवशास्त्रज्ञ १९५७ सालीं इंग्लंड सोडून या संस्थेंत आला. हिंदुस्थानांत महाग उपकरणांवांचूनही उत्तम जीवशास्त्र करतां येईल, नीट मोजतां आलें म्हणजे झालें, असें त्याचें मत. त्याच्या प्रोत्साहनानें एकानें पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, दुसऱ्यानें नारळाच्या झाडांचीं पानें डावीकडे वळतात कीं उजवीकडे तें पाहिलें. हें काम संस्थेच्या मूळ प्रकृतीस किती जुळणारें होतें! तरीही १९६१ सालीं चालकांशीं बिनसून हॉल्डेन निघून गेला, आणि भुवनेश्वरास नवी प्रयोगशाळा मांडीत असतां १९६४ सालीं वारला. दोघेही मानी होते, एवढें म्हणून हा प्रसंग सोडून देतां येत नाहीं. ज्या केंद्रांत सर्व विद्यांची गांठ एकाच माणसाच्या मनांत बांधलेली असते, तेथें त्या माणसाशीं पटलें नाहीं कीं विद्वानास जागा उरत नाहीं. विद्यापीठांत खात्यांच्या भिंती असतात, त्यांस आपण नांवें ठेवितों. भांडण झाल्यावर त्या भिंतींचा आडोसाही मिळतो.

या संस्थेचा सर्वांत दूरवर पोंचलेला परिणाम आम्हांस पुण्यांतच दिसतो. १९७१ सालीं दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं 'भारतांतील दारिद्र्य' हा प्रबंध प्रसिद्ध केला. नमुना-पाहणीचे १९६०-६१ चे खर्चाचे आंकडे घेऊन, पोटापुरतें अन्न मिळण्यास खेड्यांत माणशीं दरमहा १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये लागतात असें धरून, ग्रामीण जनतेपैकीं सुमारें ४० टक्के व शहरी जनतेपैकीं सुमारें ५० टक्के लोक त्याच्या खालीं आहेत, असें त्यांनीं दाखविलें. दारिद्र्य ही त्यापूर्वीं करुणेची बाब होती. येथून ती हिशेबाची बाब झाली, आणि प्रत्येक सरकारास त्या हिशेबाचें उत्तर देणें भाग पडलें. योजनेनें गरिबास काय दिलें, हें योजनाकारांच्याच संस्थेनें गोळा केलेल्या आंकड्यांनीं विचारलें गेलें, ही त्यांतली गंमत. पुढें रोमच्या अन्न व शेती संघटनेंतून निवृत्त होऊन सुखात्मे पुण्यास आले, आणि माणसाची उष्मांकांची गरज एक ठराविक आंकडा नसून ती त्याच माणसांत दिवसागणिक कमीजास्त होते, सबब एका रेषेखालच्या सर्वांस उपाशी म्हणतां येणार नाहीं, असा आक्षेप त्यांनीं घेतला. १९८० नंतर दांडेकर व सुखात्मे यांचा वाद कैक वर्षें रंगला. एकाच शहरांतले दोन संख्याशास्त्रज्ञ, आणि प्रश्न हा कीं देशांत भुकेलेले किती! कडेवरचें रोप आंत कीं बाहेर, हा सुखात्म्यांचा जुनाच प्रश्न नव्या शेतांत पुन्हां उभा राहिला होता. आम्ही या वादांत दांडेकरांकडे झुकतों : शरीर थोड्यांत निभावून नेतें यावरून त्यास थोडें पुरतें असें सिद्ध होत नाहीं. परंतु सुखात्म्यांच्या आक्षेपानें रेषा आंखणारांचा हात अधिक सावध झाला, हेंही खरें.

२०१७-१८ सालीं झालेल्या घरखर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचें सरकारनें नोव्हेंबर २०१९ मध्यें ठरविलें. आंकड्यांचा दर्जा ठीक नाहीं, हें कारण सांगण्यांत आलें. देशांतल्या व परदेशांतल्या सुमारें दोनशें विद्वानांनीं जाहीर पत्र लिहून ते प्रसिद्ध करण्याची मागणी केली. पुढची पाहणी २०२२-२३ सालीं झाली आणि तिचा अहवाल २०२४ सालीं बाहेर आला. मधल्या काळांत दारिद्र्य घटलें कीं वाढलें याविषयीं ज्यांनीं ज्यांनीं लिहिलें त्यांस २०११-१२ चे शिळे आंकडे नाहींतर आडमार्गाचे अंदाज वापरावे लागले, आणि त्यांच्या उत्तरांत कोट्यवधि माणसांचा फरक पडत होता.